तारवाल्यांचा दुसरा अंक

नाटक कंपनीत माणसाचं खरं नाव टिकत नाही. तारवाल्यांचंही टिकलं नाही. तरुणपणी एका नाटकात ते तार घेऊन यायचे. "तार आली आहे, साहेब," एवढं एकच वाक्य. ते नाटक इतकं चाललं, इतकं चाललं, की त्यातला साहेब म्हातारा होऊन घरी बसला आणि तार आणणाऱ्याला सगळी कंपनी तारवाले म्हणू लागली. पुढं त्यांनी शिपाई केला, वकिलाचा कारकून केला, गर्दीतला माणूस तर किती वेळा केला त्याला सुमार नाही, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. घरी बायकोसुद्धा चिडली की म्हणायची, "अहो तारवाले, जरा इकडे लक्ष द्या." खूश असली की, "काय नटवर्य?" ती फारशी खूश नसायची, तो भाग वेगळा.

ती घरी काजं-बटणं करायची. शिवणकारखान्यातून शर्टांचे गठ्ठे यायचे आणि त्या एका खोलीत, शेगडी आणि पलंग सोडला तर, शर्टच शर्ट असायचे. खिडकीखाली बसून उजेड असेपर्यंत ती बटणं लावायची. तारवाले समोर भिंतीला टेकून नक्कल पाठ करायचे.

आता नक्कल म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण पुढं सगळं घोडं तिथंच पेंड खाणार आहे. या कंपनीत अख्खं नाटक, प्रॉम्प्टर सोडला तर, कुणाच्या हातात द्यायची पद्धत नव्हती. मालकांना धास्ती, की दुसरी कंपनी चोरील. ज्याला त्याला फक्त आपापली वाक्यं मिळायची, आणि प्रत्येक वाक्याच्या आधी समोरच्याचं एक वाक्य. ते कानावर पडलं की आपण बोलायचं. समोरचा का बोलला, त्याच्याआधी काय झालं, याच्याशी तुम्हाला काय करायचंय? तालमीत कळलं तर कळलं. तारवाल्यांचा अख्खा जन्म असा गेला. दुसऱ्यानं तोंड उघडल्याशिवाय आपण उघडायचं नाही, हे त्यांच्या इतकं अंगात मुरलं होतं की घरीही ते आपणहून कधी बोलत नसत.

"भूक लागली तर तसं सांगावं माणसानं," बायको म्हणायची. "मी विचारायची वाट कसली बघता?"

ते गप्प.

"बरं बाई. भूक लागलीय का?"

"हो," तारवाले लगेच म्हणायचे.

नक्कल पाठ करून घेणं हे तिचं काम. वाचताना ती अडखळायची, पण एकदा ऐकलं की विसरायची नाही. सुई चालवता चालवता ती समोरच्याचं वाक्य टाकायची आणि तारवाल्यांनी आपलं म्हणायचं. तिची एक रीत होती. ओळीनं विचारायचं नाही. "ओळीनं काय, पोपटही बोलतो," ती म्हणायची. मग शेवटचं एक, मधलंच एक, एकदम सुरुवातीचं एक, असं उलटंसुलटं. चुकलं की हातातलं बटण फेकून मारायची. तारवाल्यांनी ते उचलून आणून द्यायचं आणि पुन्हा म्हणायचं. शिपायाच्या चार वाक्यांना ही रीत झकास होती. तारवाले कधी एका शब्दाला चुकले नाहीत, आणि नेमकं हेच नडलं.

कंपनीचं एक नाटक त्या काळी जोरात होतं. मोठ्या घरातला बाप जिन्यावरून पडून मेलेला. धाकटा मुलगा कधीचा परागंदा. पहिल्या अंकात तो घरात येतो, आई हातात दिवा घेऊन जिन्याशी येते, दचकते आणि म्हणते, "तू कधी आलास?" तो म्हणतो, "आत्ताच. दार उघडंच होतं." मग दुसरा अंक. आई आणि मुलगा, दोघंच. रुसवे, भांडणं, जुनी दुखणी, एकमेकांचे हात हातात घेणं, काय नाही ते सगळं त्या अंकात. आणि तिसऱ्या अंकाच्या अगदी शेवटी तीच आई, तोच दिवा, तोच जिना आणि तेच वाक्य. "तू कधी आलास?" आता मुलगा म्हणतो, "मी गेलो होतोच कुठे? मी याच घरात होतो. बाबांना कुणी ढकललं, ते मी माळ्यावरून पाहिलंय." आई दिवा खाली ठेवते. पडदा. आणि बाहेर टाळ्यांचा नुसता कडकडाट.

मुलाचं काम करणारा नायक देखणा गडी होता. तारवाले त्यात हवालदार. ऐन हंगामात नायकाला कावीळ झाली आणि मालकांच्या तोंडचं पाणी पळालं. "इतक्या कमी दिवसांत नक्कल पाठ होईल ती तुमचीच," ते तारवाल्यांना म्हणाले. "वय काय, दिव्याच्या उजेडात दिसत नाही."

त्या दिवसांत त्या खोलीत काय आनंद होता! तारवालीण शर्ट विसरली. तिसऱ्या अंकातलं ते वाक्य तारवाल्यांनी पहिल्यांदा म्हटलं तेव्हा तिची सुई थांबली. "पुन्हा म्हणा," ती म्हणाली. मग दर थोड्या वेळानं, भाजी चिरताना, केस विंचरताना, "तू कधी आलास?" आणि तारवाले, "मी गेलो होतोच कुठे?" तिच्या अंगावर काटा यायचा. पहिल्या अंकातलंही हेच वाक्य आहे, हे दोघांना ठाऊक होतं, त्यावर ती हसलीही होती. "त्यात काय आहे म्हणायचं? आत्ताच आलो म्हणायचं, झालं." ते तिनं फारसं विचारलंच नाही.

प्रयोगाला ती ठेवणीतले कपडे घालून, तिकीट काढून, पुढच्या रांगेत बसली. पडदा वर गेला. आईचं काम करणाऱ्या आक्का दिवा घेऊन जिन्याशी आल्या, दचकल्या आणि म्हणाल्या, "तू कधी आलास?"

आणि तारवाले म्हणाले, "मी गेलो होतोच कुठे? मी याच घरात होतो. बाबांना कुणी ढकललं, ते मी माळ्यावरून पाहिलंय."

किती सुंदर म्हणाले! हीच तर दैवाची दुष्टाई आहे. जन्मात इतकं चांगलं वाक्य त्यांच्या तोंडून आलं नव्हतं. नायकालाही जमलं नसतं असं, पोटातून आलं. आक्कांनी ते काम इतक्या वेळा केलं होतं की त्यांचं डोकं अडखळायच्या आत हातानं आपोआप दिवा खाली ठेवला. आणि पडद्याच्या दोरीवरच्या माणसाला एकच खूण माहीत, दिवा खाली गेला की दोरी सोडायची. त्यानं सोडली.

झालं. लोक अजून खुर्च्या शोधत होते आणि नाटक संपलं.

आधी लोक एकमेकांकडे बघत राहिले. मग मागून कुणीतरी खुदकन हसलं आणि पुढं हसण्याचा जो लोंढा आला त्याला काय विचारता! मालकांनी पडदा पुन्हा वर करवला. दुसरा अंक सुरू करू म्हणाले. पण आक्का दिसल्या रे दिसल्या की लोक ओरडायचे, "हिनंच ढकललं! हिनंच ढकललं!" तारवाले स्टेजच्या मधोमध, तोंड उघडं ठेवून. पुढचं वाक्य त्यांना येत होतं, सगळंच्या सगळं येत होतं, पण त्यांच्या आधीचं वाक्य कुणी बोलायलाच तयार नव्हतं. शेवटी पडदा पडला तो पडलाच.

दोरीवरच्या माणसाला मालकांनी त्याच दिवशी हाकललं. तारवाल्यांना हाकललं नाही. "दोरी तुम्ही धरा," ते म्हणाले. "वाक्य नाही, काही नाही. दिवा खाली गेला की सोडायची. एवढं तरी जमेल ना?" हाकललं असतं तर बरं, असं तारवाल्यांना वाटलं, आणि खरंच बरं झालं असतं. कारण मग रोज तेच. नायक बरा होऊन आला. तारवाले विंगेत दोरी धरून उभे, आणि रोज एकदा पहिल्या अंकात आणि एकदा तिसऱ्या अंकात कानावर, "तू कधी आलास?" नट मंडळी तर काय, टवाळी हा त्यांचा धर्म. तारवाले रंगपटात शिरले की कुणीतरी दिवा धरल्यासारखा हात करून विचारायचं, "तू कधी आलास?" सगळे खो खो. तारवालेही हसायचे. न हसून सांगतात कुणाला?

घरी मात्र ते हसत नव्हते. जेवायचे नाहीत, भिंतीकडे तोंड करून पडायचे. बायको दोन-चार दिवस शर्टांत डोकं घालून बसली. मग एका सकाळी म्हणाली, "चूक माझी आहे."

तारवाल्यांनी भिंतीकडचं तोंड वळवलं नाही.

"मी अंक सांगत नव्हते. नुसतं वाक्य टाकत होते. तुमच्या जिभेला मी तिसऱ्या अंकाची सवय लावली. आता अंक सांगून विचारणार. उठा. पहिला अंक. तू कधी आलास?"

ते उठले नाहीत. तिनं बटण फेकून मारलं. ते पाठीला लागून खाली पडलं, तिथंच राहिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा, "पहिला अंक. तू कधी आलास?" पुन्हा बटण. तिसऱ्या दिवशी तेच. खोलीभर बटणं झाली. कारखान्यातून बोलणी आली, की बटणं कमी पडतात, तुम्ही खाता की काय? तिनं काही दाद दिली नाही. हट्टी बाई. शेवटी एकदा अनवाणी चालताना तिच्याच टाचेत बटण रुतलं आणि ती "आई गं" करून खाली बसली. तारवाले उठले. गुडघ्यांवर बसून एकेक बटण गोळा केलं, डब्यात टाकलं, आणि डबा तिच्यासमोर ठेवत म्हणाले, "आत्ताच. दार उघडंच होतं."

"हं," ती म्हणाली. "आता दुसरा अंक."

"कशाला पण?" हे त्यांनी विचारलं, म्हणजे बघा, कधी नव्हे ते. "कोण घेणार आता मला?"

"ते मला ठाऊक नाही. मी तिकीट काढून बसले होते. माझा दुसरा अंक बघायचा राहिलाय."

तेव्हापासून रोज. कंपनी गावोगाव जायची तेव्हा दोरीसाठी तारवालेही जायचे, पण परत आले की त्याच दिवशी नक्कल. पहिला अंक, दुसरा अंक, तिसरा अंक. अंक सांगितल्याशिवाय तिनं पुन्हा कधी वाक्य टाकलं नाही. वर्षं गेली. नायकाच्या कपाळावरचे केस गेले, आक्कांचे गुडघे गेले, नाटक अधूनमधून निघायचं, अधूनमधून बंद पडायचं. मुलाचं काम तारवाल्यांना पुन्हा मिळणार नव्हतं हे लहान पोरालाही कळलं असतं. त्या दोघांना का कळत नव्हतं? कळत होतं. पण तिनं विचारलं की त्यांना बोलावं लागायचं, आणि बोललं की दुसऱ्या दिवशी उठून दोरी धरायला जाता यायचं. एवढाच काय तो त्यात राम होता.

मग एका सकाळी बटण अर्धं लावून झालेलं असताना तिच्या हातातून सुई गळाली. ती एका बाजूला कलली. तारवाले धावले. तिचं तोंड वाकडं झालं होतं आणि उजवा हात नुसता लोंबत होता.

इस्पितळात ती बरेच दिवस डोळे मिटून होती. डोळे उघडले तरी आवाज नाही. तारवाले बाजूच्या लोखंडी स्टुलावर. ते तर न विचारता बोलणाऱ्यातले नव्हतेच, त्यामुळे दोघंही गप्प. आणि एका दुपारी तिचे ओठ हलले. तोंडातून खरखर आली, आणि मग अगदी स्वच्छ, "तू कधी आलास?"

तारवाल्यांच्या तोंडून आपोआप गेलं, "आत्ताच. दार उघडंच होतं."

नर्सबाईला वाटलं बाई शुद्धीवर आल्या, नवऱ्याशी बोलायला लागल्या. तिनं डॉक्टरांना आणलं. तारवालीण डॉक्टरांकडे बघून म्हणाली, "तू कधी आलास?"

"आत्ताच आलो, आजी," डॉक्टर म्हणाले. "कसं वाटतंय?"

"तू कधी आलास?"

डॉक्टरांनी तिचा लोंबणारा हात उचलून पाहिला. मग त्यांनी तारवाल्यांना बाहेर बोलावलं. असं होतं कधीकधी, म्हणाले. बोलायची जागाच जाते मेंदूतली. एखादं वाक्य राहतं, फार वेळा बोललेलं. मनात काहीही असो, बाहेर तेच येतं. "हे वाक्य त्या घरी फार म्हणायच्या का?"

"हो," तारवाले म्हणाले.

आणि तिथंच, लोक येत-जात असताना, ते भिंतीला धरून रडले. तिचं स्वतःचं नाव गेलं होतं. बहिणीचं गेलं होतं. "अहो" गेलं होतं, "नटवर्य" गेलं होतं, पाणी, भूक, दुखतंय, सगळं गेलं होतं. राहिलं होतं ते त्यांच्या फजितीचं वाक्य, तेही त्यांच्यासाठीच तिनं घोटून घोटून तोंडात बसवलेलं.

घरी आणलं. खिडकीखालचे शर्ट परत गेले, तिथं पलंग आला. बटणांचा डबा तेवढा राहिला, तो नेला की ती डाव्या हातानं पलंग बडवायची. तारवाल्यांनी गावोगाव जाणं बंद केलं, कंपनी इथं असली तरच दोरीवर जायचे. तेवढा वेळ तिची धाकटी बहीण येऊन बसायची. बाकी सगळं तारवाल्यांनी करायचं. कूस बदलायची, भांडं द्यायचं, पुसायचं, चमच्यानं भरवायचं. त्या एका वाक्याचे सूर ते शिकले. वर चढणारं "तू कधी आलास?" म्हणजे पाणी. घाईचं म्हणजे भांडं. लांबवलेलं म्हणजे पाठ दुखतेय. आणि ते उत्तर द्यायचे, "देतो, देतो." "थांब, उठवतो." "झालं, झालं, आता दुखणार नाही." दिवसभरात किती वेळा, देव जाणे. नक्कल बंद झाली होती. अंक सांगायला आता कोण होतं?

आणि अशात मालक दारात उभे राहिले.

नायक ऐन वेळी दुसऱ्या कंपनीत निघून गेला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी प्रयोग, सगळी तिकिटं खपलेली, आणि नक्कल पाठ असलेला माणूस शोधून सापडेना. मालकही आता थकले होते, जिना चढून धापा टाकत होते. "तारवाले," ते म्हणाले, "झालं गेलं सोडा. नक्कल येते का अजून?"

"येते."

"मग?"

तारवाल्यांनी मान हलवली. नाही.  विसरायची भीती नव्हती. त्या वेळी त्या वाक्याला दोनच उत्तरं होती, तरी जीभ घसरली. आता पन्नास होती. पाणी देतो, भांडं आणतो, थांब जरा. उद्या स्टेजवर आक्का विचारणार आणि आपण कुठलं देणार? हे मालकांना कसं सांगायचं? सांगता येत नव्हतं, म्हणून ते नुसती मान हलवत राहिले.

"एवढी वर्षं दोरी धरायला दिली मी तुम्हाला," मालक चिडले. "आणि आता पाय मागे घेता?"

तेवढ्यात पलंगावरून आवाज आला, असा कडाडून, की मालक दचकलेच. "तू कधी आलास?"

"आत्ताच आलो, वहिनी," मालक घाबरून म्हणाले.

पण ती मालकांकडे बघत नव्हती. तिची नजर तारवाल्यांवर होती. डावा हात उशाशी चाचपडत होता. तिला डबा सापडला, झाकण पडलं, बटणं अंथरुणावर सांडली. त्यातलं एक तिनं बोटांत कसंबसं धरलं आणि फेकलं. ते तारवाल्यांपर्यंत पोचलंही नाही, पलंगाच्या कडेवरून टपकन खाली पडलं. तिनं दुसरं उचललं.

तारवाले वाकले. पहिलं बटण उचललं.

"येतो उद्या," ते मालकांना म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मेहुणी लवकर आली. तारवाल्यांनी दाढी केली, बायकोला भरवलं, तोंड पुसलं. ती म्हणाली, "तू कधी आलास?" हा कुठला सूर, ते त्यांना कळलं नाही. पाणी दिलं तर तिनं तोंड फिरवलं. ते तसेच निघाले.

रंगपटात आक्का त्यांच्याजवळ आल्या. गुडघे धरत धरत. "तारवाले, ऐका माझं. पहिल्या अंकात मी वाक्य बदलून म्हणते. 'कधी पोचलास रे?' असं म्हणते. कुणाला कळतंय?"

मोठ्या मनाची बाई. तारवाल्यांच्या अगदी ओठांवर "हो" आलं होतं. मग ते म्हणाले, "नको. तेच म्हणा. घरी तेच ऐकून आलोय."

पडदा वर गेला. आक्का दिवा घेऊन जिन्याशी आल्या, दचकल्या. "तू कधी आलास?"

आणि तारवाल्यांच्या तोंडाशी पहिलं काय आलं? "थांब, पाणी देतो." अगदी दातांपर्यंत आलं. त्यांनी ते दाबलं. त्याच्यामागून भांडं आलं, कूस आली, मग माळा आणि बाबा आले. पाचावर धारण बसली. विंगेतून प्रॉम्प्टरची कुजबुज ऐकू येत होती, पण शब्द लागत नव्हते. प्रेक्षकांत कुणीतरी खोकलं. आक्का हलल्या नाहीत. दिवा उंच धरून तशाच उभ्या राहिल्या.

उजव्या हातात. तारवाल्यांना तो हात दिसला. वर उचललेला, धड उजवा हात. घरी विचारणारीचा उजवा हात वर होत नव्हता. ही ती नव्हे. हे घर नव्हे. ही आई आहे आणि हा पहिला अंक आहे.

"आत्ताच," तारवाले म्हणाले. "दार उघडंच होतं."

आक्कांनी सोडलेला श्वास त्यांना ऐकू आला. पुढचं वाक्य आलं, मग त्याच्या पुढचं. दुसरा अंक सुरू झाला, जो त्यांनी जन्मात कधी लोकांसमोर केला नव्हता, फक्त शर्टांच्या ढिगासमोर केला होता. ते आक्कांशी भांडले, रुसले, त्यांचा हात हातात घेतला. आपण फार मोठं काम करतोय असं काही त्यांना वाटलं नाही. फक्त मधेच एकदा त्यांची नजर पुढच्या रांगेतल्या एका खुर्चीकडे गेली. तिथं कुणीतरी जाड गृहस्थ बसले होते. तिसऱ्या अंकात दिवा खाली गेला, दोरी सुटली, टाळ्या झाल्या. कडकडाट नव्हे, पण बऱ्यापैकी. मालक म्हणाले, "उद्याही तुम्हीच." रंगपटात कुणी टवाळी केली नाही.

तारवाले रंग नीट न पुसताच निघाले. बाहेर अजून ऊन होतं. कधी नव्हे ते त्यांच्या मनात आपणहून सांगायचं वाक्य तयार होत होतं. तिनं काहीही विचारलं, पाणी मागितलं, भांडं मागितलं, तरी आधी हेच सांगायचं, की झाला, दुसरा अंक झाला. जिना ते जवळजवळ धावत चढले.

दार उघडंच होतं.

मेहुणी दारात आली. तिचे डोळे सुजले होते. "भाऊजी, तुम्ही गेलात आणि थोड्या वेळात पुन्हा झटका आला. डॉक्टर येऊन गेले. इस्पितळात हलवून उपयोग नाही म्हणाले. मी निरोप पाठवणार होते, पण नाटकातून तुम्हाला कसं ओढून आणायचं? ती शुद्धीत असती तर तिनं मलाच बटण फेकून मारलं असतं."

"बोलली काही?"

"नाही. आता तेही बोलत नाही."

तारवाले पलंगाशी स्टुलावर बसले. तिचे डोळे उघडे होते. त्यांच्याकडे होते की त्यांच्या मागच्या भिंतीकडे, कळत नव्हतं. त्यांनी तिचा डावा हात हातात घेतला. तो आता उजव्यासारखाच झाला होता. ते वाट बघत राहिले. दुसरं काय येत होतं त्यांना? समोरच्याचं वाक्य आलं की आपलं. आत्ता येईल, श्वास तर चालू आहे, ओठ जरासे हलले का? नव्हते हलले. खाली रस्त्यावर कुणीतरी कुणाला तरी हाका मारत होतं. मेहुणी मागं उभी राहून पदरानं डोळे पुसत होती.

बराच वेळ कुणी काही विचारलं नाही.

"आत्ताच," तारवाले म्हणाले. "दार उघडंच होतं."

काही झालं नाही. पापणी लवली नाही. मग ते उठले. स्टूल पायानं मागं सरकवलं आणि पलंगाच्या पायथ्याशी, तिची नजर असली तर पडेल अशा जागी, शर्टांचे ढीग असायचे तिथं उभे राहिले. गालांवर अजून रंग होता.

"दुसरा अंक," ते म्हणाले.

आणि त्यांनी आईचं पहिलं वाक्य म्हटलं, मग मुलाचं म्हटलं, मग पुन्हा आईचं.